काठी येईल, नाहीतर शिवतेज

अंजना : ती काठी बॅगेतून बाहेर काढा आधी, मग बाकीचं बोलू.

उदयसिंह : काठी माजी हाय. माज्या बॅगंत हाय.

अंजना : डायपरचं पुडकं आत बसत नाही, तुमच्या पाठीच्या जखमेचं मलम हातात धरून मी मघापासून उभी आहे, आणि तुम्ही शर्टांच्या घडीखाली हातभर वेताची काठी दडवून ठेवताय.

उदयसिंह : जंगलात चाललोय न्हवं आपुन? जंगलात काठी नको व्हय?

अंजना : जीपमध्ये चाकाच्या खुर्चीसकट बसायचं आणि वाघ बघायचा. त्या सफारीवाल्या लोकांनी फोनवर सगळं समजावून सांगितलंय. भडक कपडे नकोत, अत्तर नको, मोठ्यानं बोलायचं नाही.

उदयसिंह : काठी नको आसं सांगितलंय का?

अंजना : त्यांनी नाही. मी सांगते. एक तर काठी येईल, नाहीतर तुमचा भाऊ येईल. दोन्ही एका गाडीत येणार नाहीत.

शिवतेज : ऱ्हाऊ द्या न्हवं वैनी. एवढीशी काठी ती. खालच्या कप्प्यात बसती, मी बसवतो.

अंजना : तू गप रे शिवतेज. तुझ्या पाठीवर बसणारी काठी तूच नीट घडी घालून भरणार का?

उदयसिंह : कुणी सांगितलं तुला?

अंजना : सांगायला कशाला पाहिजे कुणी? रोज सकाळी हा तुम्हाला उचलून न्हाणीत नेतो, तुम्ही दार लावून घेता, नळ मोठा सोडता. पाण्याच्या आवाजात काठीचा आवाज लपतो असं वाटलं तुम्हाला? त्याची रक्ताळलेली बनियनं मीच धुते या घरात.

शिवतेज : ते खाजवून झाल्यालं वैनी. उसाचा पाला लागतोय अंगाला.

अंजना : दादाला लागल्यापासून फडाकडं तोंड केलं नाहीस तू. कुठला पाला?

उदयसिंह : बरं, मारतो. रोज मारतो. जा, फौजदाराला सांग. म्हण, दिरानं नवऱ्याचा मणका मोडला, आन आता नवरा त्येला वेतानं झोडपतोय. आख्खं ठाणं हसंल तुला.

अंजना : हसू देत. तुमच्या मणक्याचं दुःख मला नाही का? मिरजेच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी कोण बसलं होतं?

उदयसिंह : तू उशाशी बसलीस. पालथा मी पडलो हुतो. आन हिकडं गावात त्या दिवशी मारल्याल्या रानडुकराचं वाटं पडलं. आपल्या घरी बी वाटा आला हुता, इसरलीस?

अंजना : उकिरड्यावर फेकला मी तो, पातेल्यासकट.

शिवतेज : दादा, नगं आता ते.

उदयसिंह : का नगं? उसाचा शेवटचा पट्टा ऱ्हायला हुता. आख्ख्या रानाची डुकरं तेवढ्यात गोळा झालेली. चारी बांधांवर पोरं फरशी कुऱ्हाडी, दांडकी घेऊन हुबी. हाकायला आत कोण गेलं? मी. पाला तोंड कापतोय म्हणून डोक्यावर बारदानाची खोळ घेतली. बाहेर येताना वाकून पळत आलो, आन वरडत आलो, "माणूस हाय, माणूस हाय!" रीतच हाय ती. आतल्यानं वरडायचं, बाहेरच्यानं हात आवरायचा. पार पल्याडच्या बांधावर हुबा हुता त्या विश्वजितला बी आयकू आलं. समद्यांना आलं. ह्येला न्हाई आलं.

शिवतेज : न्हाईच आलं, दादा. आईची आन. एक डुक्कर म्होरनं गेलं, त्येच्या मागनं तू आलास. वाकल्याला, खोळीतला. माजा लोखंडी पायप खाली आला तवा मला खोळ दिसली.

उदयसिंह : आयकलंस अंजने? खोळ दिसली म्हनं. पायप खाली आल्यावर दिसली!

अंजना : हे मला पाठ आहे. ताटावर बसलात की रोज हेच असतं. पण एक सांगा मला. ही सफारी कुणी काढली? मी नाही काढली.

उदयसिंह : म्या काढली.

अंजना : का?

उदयसिंह : दावला की तुला व्हिडिओ मोबाईलवर.

अंजना : त्यालाही सांगा ना. त्याला नुसतंच सांगितलंय, सामान भर, विदर्भात जायचंय.

उदयसिंह : त्या व्हिडिओत झुडपातनं एवढं थोरलं जनावर बाहेर येतंय. म्होरं दोन गाड्या भरून माणसं. आन कुणाच्याच हातात काय न्हाई. नुसती बगत्यात. जनावर बी निवांत रस्ता वलांडून जातंय. खरं वाटंना मला. एकदा डोळ्यानं बगायचं हाय.

अंजना : मग त्याच गाडीत ही काठी कशाला?

उदयसिंह : ती काय जनावराला न्हाई.

अंजना : तेच म्हणते मी! वाघाला हात लावायचा नाही आणि भावाला सोलायचं!

शिवतेज : वैनी, मी काय म्हणतो, चालू दे हाय तसं. सकाळचं दोन-चार फटकं बसलं की दादा दिवसभर बरा बोलतोय. जेवतोय बी. आन मला बी... काय सांगू, बसलं की बरं वाटतंय. न्हाई बसलं तर दिवसभर कायतरी द्यायचं ऱ्हायलंय आसं वाटतंय.

अंजना : शाबास! एकाला मारल्याशिवाय घास उतरत नाही आणि दुसऱ्याला मार खाल्ल्याशिवाय करमत नाही. आणि मी काय करू? नळाचा आवाज ऐकत भाकरी थापू? म्हणून तर ते ठिकाण निवडलं मी. तिथं जीपच्या मागं फळी खाली उतरते, खुर्ची सरळ वर जाते. न्हाणीत धरायला दांडे आहेत. तिथं तुम्हाला उचलायला कुणी लागत नाही. शिवतेज, तू येऊच नकोस. चार दिवस झोप.

शिवतेज : आन रेल्वेत? मिरजेला फलाटावर? मी शिरवळची नोकरी सोडून आलोय ती कशाला? दादाला उचलायला. मला ठिवून जाऊ नगा, वैनी.

उदयसिंह : बगितलंस? त्यो यायला तयार हाय, काठी बी तयार हाय. तुलाच पोटदुखी.

अंजना : मी शेवटचं सांगते. काठी आत गेली तर मी तिकिटं फाडणार.

शिवतेज : फाडू नगा, आवं! दादानं पयल्यांदाच कायतरी मागितलंय. थांबा, ही हवेची गादी खुर्चीला बांधून घेतो आधी. दादा, जरा म्होरं वाक. पट्टा मागनं आवळतो...

उदयसिंह : मागं येऊ नगंस!

शिवतेज : एक गाठ फक्त...

उदयसिंह : मागनं हात लावू नगंस म्हनलं न्हवं! घे! घे ही! घे!

अंजना : अहो सोडा! सोडा म्हणते! काठी द्या इकडं! कानशील फुटलं त्याचं!

उदयसिंह : फुटू दे! ये की रं आता मागनं! ये!

शिवतेज : मारू द्या वैनी, तुमी मदी येऊ नगा. तुमाला लागंल.

अंजना : सोडा! ... आली माझ्या हातात. बस झालं. शिवतेज, ही धर.

शिवतेज : मी न्हाई.

अंजना : धर! आज तू मार. एकदा मार आणि मोकळा हो. दोघं मरा एकदाचे, मी सामान भरून एकटीच वाघ बघायला जाते. धर म्हणते ना!

(शिवतेजनं काठी नुसती घेतली. उगारली नव्हती, नीट धरलीसुद्धा नव्हती. पण उदयसिंहाचे दोन्ही हात डोक्यावर गेले, मान खाली मांडीपर्यंत वाकली, आणि त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की अंजना मागं सरली. आपला नवरा रागीट झालाय असं ती इतके दिवस धरून चालली होती. तो भ्यालेला होता, आणि एका घरात राहून हे आपल्याला दिसलं नाही याची तिला भयंकर लाज वाटली.)

उदयसिंह : माणूस हाय! माणूस हाय रं! मारू नगंस, माणूस हाय!

शिवतेज : दादा! दादा, टाकली. ही बग, टाकली. हात बग माजं, मोकळं हायती. दादा, वर बग.

उदयसिंह : लांब हो.

शिवतेज : झालो. हितं दाराला टेकून हुबा हाय. दिसतोय न्हवं?

अंजना : पाणी घ्या. हळू. सगळं सांडताय.

उदयसिंह : रोज सकाळी त्यो मागनं माज्या काखंत हात घालतोय. कमरंच्या खाली काय कळत न्हाई मला, पर मानेला कळतंय. ह्येचा श्वास मानेवर आला की वाटतंय, आता बसतोय दुसरा घाव. मग कुणाला तरी आधी मारावंच लागतंय.

शिवतेज : मला वाटलं राग हाय तुजा. तुजा राग फिटंपातुर खायाचं ठरवलं हुतं म्या.

उदयसिंह : राग दवाखान्यातच सपला रं. तू फरशीवर निजायचास माज्या खाटंखाली, तवाच सपला.

शिवतेज : मग बोलायचं न्हाई व्हय, दादा?

उदयसिंह : काय बोलू? धाकट्या भावाला भेतो म्हनून? खांद्यावर बसवून जत्रा दावलीया तुला म्या.

अंजना : शिवतेज, इकडं ये, कान बघू. खोल गेलंय, हे मलम लावते. कापूस त्या निळ्या पिशवीत आहे.

शिवतेज : ते दादाच्या पाठीचं मलम हाय, वैनी. जपून वापरा, वाटंत लागंल.

उदयसिंह : लाव त्येला. सपलं तर मिरजंला घिऊ दुसरं.

अंजना : हलू नकोस. झोंबेल जरा.

शिवतेज : आता मी सांगतो ते आयका. तुमी दोघं जावा. फळीनं खुर्ची चढती, दांडं हायती, मग माजं काय काम न्हाई. मी मागं असलो की दादाला तरास, आन खुर्ची ढकलायची म्हंजे मागंच ऱ्हायाला लागतंय. मिरजंपातुर जीपमदी म्होरं बसून येतो, फलाटावरनं परत फिरतो.

अंजना : बोला की. तो काय म्हणतोय ऐकलंत ना?

उदयसिंह : खुर्ची तू ढकल, अंजने.

अंजना : ढकलेन. घरच्या न्हाणीचं काय? रेल्वेच्या पायऱ्यांचं काय? तिथं मला एकटीला तुम्हाला उचलवणार नाही.

उदयसिंह : त्यो उचलंल.

शिवतेज : दादा, तुला परत...

उदयसिंह : मागनं न्हाई. म्होरनं उचल. तुजं तोंड दिसू दे मला.

शिवतेज : म्होरनं उचलायचं तर तुला माज्या गळ्यात हात टाकाया लागतील, दादा. दोन्ही. मारायला एकबी मोकळा ऱ्हायाचा न्हाई.

उदयसिंह : म्हाईत हाय मला. ये आसा म्होरं.