गुरुवारची उसवण

व्हर्डा आत्याचा दोष आहे हा, बाई, तुमचा नाही — मशीनचा नाही, दोऱ्याचा नाही, सरळ सरळ माझ्या आत्याचा. पसरा ती गोधडी काउंटरवर, पसरा, लाजू नका, याहून वाईट चुण्या रोज बघतो मी. हे बघा, खालचं अस्तर पुढे गेलंय, वरचं कापड मागे रेंगाळलंय, आणि मधला कापूस इथे गोळा झालाय. का? तर तीन थर एकत्र घेऊन तुम्ही मशीनच्या सुईखाली कापड दाबणारा साधा पाय लावलात. मशीनचे दाते खालून ओढणार, आणि पाय काय करतो? पाय वरून नुसता दाबून बसतो, म्हाताऱ्या लोकांसारखा — पुढे जायचं नाही, जाऊ द्यायचं नाही. तुम्हाला हा पाहिजे, चालता पाय. याला स्वतःचे दाते आहेत, वरचं कापडही हा खालच्याबरोबर नेतो. साधा चालेल असं आत्यानेच सांगितलं ना? — वाटलंच. तिला माहीत नाही असं समजू नका. तिच्या मशीनला कायम चालता पायच असतो.

नव्या पास्टरच्या बायको ना तुम्ही? ओळखलं. माझ्याबद्दल सांगितलंच असेल आत्याने चर्चच्या तळघरात — टोबी, शेवटच्या वर्षाला शाळा सोडली, आता कापडाच्या दुकानात पायपुसणी विकतो. पायपुसणी विकत नाही आम्ही, पण तिच्या बोलण्यात असतात. शाळा सोडली तेव्हा हेडमास्तर घरी आले, सोफ्यावर बसून म्हणाले, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. आई घर सोडून गेली तेव्हा नाही आले. तेव्हा सगळे गव्हाच्या काढणीत होते म्हणे. — हो, गेली. वारली नाही, गेली. विचिटाला असते, शहरात.

तर गुरुवारी त्या तळघरात बायकांबरोबर गोधडी शिवायला जाता ना तुम्ही? मग एक गोष्ट तुम्हाला सांगितली नसेल, नव्या बाईला कोणी सांगत नाही. तुम्ही गोधडी ताणलेल्या चौकटीला बसून टाके घालता, त्या छान छान म्हणतात, कॉफी देतात, पावाला प्लमचा जॅम लावून देतात — आणि तुमची गाडी वळली की तुमचे टाके उसवतात. सगळे. आणि पुन्हा घालतात, बारीक, एकसारखे. पुढच्या गुरुवारी तुम्हाला वाटतं, अरे वा, बसला की हात. — तुमचेही उसवले असतील, त्यात काय. पहिल्या वर्षी कोण चांगले घालतं? पण तोंडावर बोलायचं नाही. तोंडावर बोलणं म्हणजे दुखावणं. पाठीमागे उसवणं म्हणजे प्रेम. असा हिशोब आहे तिथला, आणि हा हिशोब माझ्या आत्यानेच शिकवलाय सगळ्यांना.

मला शिवायला तिनेच शिकवलं, ते नाकारत नाही मी. शाळा सोडली होती, दिवसभर घरात पडून असायचो, बाबा ट्रॅक्टरखालून बाहेर यायचे नाहीत, तेव्हा ती येऊन म्हणाली, ट्रुडीचं मशीन धूळ खातंय, बस त्याच्यावर. ट्रुडी म्हणजे आई. आई मशीन टाकून गेली होती, कपडेही बरेचसे. पिवळा फुलाफुलांचा झगा, निळे दोन, आणि हॉटेलात वाढायला जायची तो हिरवा युनिफॉर्म, खिशावर पेनाच्या शाईचा डाग. बाबा म्हणाले जाळून टाकू. मी म्हटलं, गोधडी करतो. चर्चच्या लिलावाला देतो, पूरग्रस्तांसाठी. चर्चचं काम म्हटल्यावर बाबांना नाही म्हणता येईना.

लिलावाला का? — सांगतो. लिलावाला सगळा जिल्हा येतो. आईला यायला निमित्त पाहिजे होतं. घरी कशी येणार ती?

मग आत्याने मला पाय दिला. हा असा, पाव इंची, कडेला पातळ पट्टी असते, कापड त्या पट्टीला लावून टीप मारली की टिपेबाहेरची माया बरोब्बर पाव इंच राहते. पण तो तिच्या मशीनचा पाय. आईच्या मशीनवर बसायचा, पण सूतभर बाजूला बसायचा. सूतभराने काय होतं? एका टिपेला काहीच होत नाही. पण एका चौकोनात तुकडे किती, टिपा किती — दर टिपेला सूत सूत खात गेलं की चौकोन बोटभर लहान होतो. आणि एकदा कापलेलं कापड वाढत नाही. म्हणून सांगतो, कुठलाही पाय घ्या, आधी चिंधीवर तीन पट्ट्या जोडून मधली मोजा. मग चांगलं कापड कापा. मला हे कोणी सांगितलं नाही. पहिल्याच गुरुवारी मी चौकोन घेऊन गेलो, आत्याने तो स्वतःच्या चौकोनावर ठेवला, कमी पडलेली कड बोटाने चाचपली — मी बघत होतो तिचं बोट — आणि म्हणाली, "छान झालाय रे टोबी. सगळेच करून टाक आता."

सगळेच केले. शेवटी माझे चौकोन आणि कडेची पट्टी जमेनात. ओढून जोडलं, तर गोधडी मधून फुगली. आत्या म्हणाली, ठेवून जा तळघरात, आम्ही बघतो. मला वाटलं, इस्त्री करतील, ओढून बसवतील. त्याच आठवड्यात ती इथे दुकानात आली, मी नुकताच लागलो होतो, या फडताळातलं पिवळं, निळं, हिरवं काढायला लावलं, आणि मीच कापून दिलं, याच कात्रीने. वृद्धाश्रमासाठी आहे म्हणाली. मी वर हातभर जास्त दिलं, वृद्धाश्रमासाठी म्हणून.

आईला फोन केला. ती म्हणाली, लोक बघतील. मी म्हटलं, बघू देत, सगळी तुझ्या कपड्यांची आहे, मधला चौकोन बघ, तुझा खिसा आहे, शाईच्या डागासकट. तेव्हा हसली ती. येते म्हणाली.

लिलावाच्या दिवशी मला बटाटे सोलायला बसवलं होतं, आत्यानेच. हात पुसत हॉलमध्ये आलो तर गोधडी टांगलेली, खाली माझं नाव, आणि माणसं वाहवा करतायत. कोपरे कसे, सुरीसारखे. एक चुणी नाही. मधला चौकोन हिरवा — स्वच्छ हिरवा, कोरा. खिसा नाही. आत्या शेजारी येऊन उभी राहिली. मला म्हणाली, "जुनं कापड विरलं होतं, टिकलं नसतं. आम्ही गुपचूप बदललं, तुला वाईट वाटू नये म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "ट्रुडी येऊन गेली. कोपरा उलटून बघितला, आणि गेली."

पार्किंगमध्ये धावलो. कुठे काय. गोधडीखाली नाव माझं, आणि तिच्या कपड्यांतला एक धागा नाही.

आता तुम्ही म्हणाल, चांगल्या मनाने केलं असेल. — नाही म्हणणार? मग डोळे खाली का घातलेत? म्हणा, सगळे म्हणतात. मीही म्हणत होतो, थोडे दिवस. मग एकदा शेडमध्ये गेलो तर बाबा हात पुसत होते, काळे, ग्रीसचे, आणि चिंधीला पिवळी फुलं. मी म्हटलं, हे कुठून आलं? म्हणाले, व्हर्डाने पोतंभर आणून दिलंय, पुसायला. पोत्यात हात घातला तर सगळं तेलाने गच्च. खिसा सापडला नाही. बाबांना विचारलं, ओळखलं नाहीत का हे कापड? ते परत ट्रॅक्टरखाली गेले.

हे शर्टाचं कापड आहे ना तुमच्या गोधडीत? इथे खिसा उसवल्याची खूण आहे, रंग गडद राहिलाय. — वडिलांचा शर्ट? — राहू दे, नका सांगू. फक्त ही तळघरात ठेवून येऊ नका. कितीही गोड बोलली तरी. घरी न्या, चुण्यांच्या जागी उसवा, स्वतः उसवा, आणि हा चालता पाय लावून परत शिवा. वाकडी झाली तरी तुमची राहील.

तिला सांगायचं तर सांगा, टोबी असं असं म्हणाला. ती मान हलवेल आणि तुम्हाला कॉफी देईल.

मी? नाही, मी नाही शिवत आता. पाय विकतो. घ्या ही पिशवी, दार नीट ओढून घ्या, वारा धूळ आत आणतो. त्या दिवसापासून आईने माझा फोन उचललेला नाही.