कोरे समास

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी तूर निवडत बसलो होतो आणि नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथपालांचा फोन आला. "सर, अभिनंदन! वहिनीच्या पुस्तकायनं इन्स्पेक्शन झकास झालं."

माझी बायको सुनंदा जानेफळच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नर्स होती. ती गेल्यावर तिची पुस्तकं मी या कॉलेजला दिली. पानापानाच्या समासात तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: बाळ रडलं नाही तर आधी काय करायचं, रक्त थांबत नसेल तर कोणाला हाक मारायची. शिकणाऱ्या मुलींनी ते वाचावं, एवढंच मनात होतं.

बघायला गेलो. पुस्तकं काचेच्या कपाटात, कुलूप लावलेली. ग्रंथपालांना एक काढायला लावलं. समास कोरे!

"लिहिलेलं कुठे गेलं?"

"खोडून घेतलं ना सर. कोणी तरी गिरबटलं होतं. साहेब लोकायले पुस्तकं नवी दिसाले पाहिजे."

"खोडलं कोणी?"

"पोरींनीच. दुपारभर बसवलं त्यायले."

दारात उभी असलेली विद्यार्थिनी म्हणाली, "काका, खोडण्यापुरतीच भेटली आमाले ती पुस्तकं. मी खोडता खोडता वाचून राह्यली होती, तं सर वरडले."

"मंग? तुले वाचाले बसवलं होतं काय?" ग्रंथपाल हसले. मग मला म्हणाले, "वर पाहा सर. कपाटावर वहिनीचं नाव टाकलं, सोनेरी."

"तेही खोडा," म्हणालो आणि चहा न घेता निघालो.

पुस्तकं तिथंच आहेत. परत आणायची राहिली आहेत.