भलत्या दारात

सकाळी सव्वाआठला रुग्णालयाच्या कार्यालयाबाहेर नळदुरुस्तीवाला सहीसाठी बसला होता. शेजारी तळघरातल्या धुलाईखात्यातली एक बाई हातात बदलीचा अर्ज धरून बसली होती, आणि तिच्या पलीकडे तिची धाकटी बहीण. तो भिंतीवरच्या सूचना वाचल्यासारखं करत ऐकत राहिला.

"ताई, चादरींच्या घड्या घालताना तू प्रार्थना करायचीस. सगळे हसायचे."

"हसेनात का! पहिल्या घडीला, प्रभू, तू इथे आहेस. दुसरीला, यावर जो निजेल त्याच्यापाशी राहा. वीस वर्षं."

"मग आता बदली कशाला?"

"सोमवारी आईच्या पलंगाची चादर धुवायला आली. मीच घडी घातलेली, मीच प्रार्थना केलेली. आणि आई गेली तेव्हा खोलीत चिटपाखरूसुद्धा नव्हतं गं."

"प्रभू होता, ताई."

"तेच तर! नसता, तर रागावले कुणावर असते? होता, आणि गप्प बसला."

"मग त्यालाच सांग ना. साहेबांना अर्ज काय देतेस?"

"भांडू म्हणतेस त्याच्याशी?"

"वीस वर्षं गोड बोललीस. एकदा भांड. तो काही उठून जायचा नाही."

मग शिपायाने दार उघडलं.

"चला बाई, साहेबांनी बोलावलंय."

"राहू दे, भाऊ. भलत्याच दारात बसले होते."

तिने अर्ज पिशवीत सरकवला. बहीण सोबत उठली, पण तिला हातानेच थांबवून बाई एकटी तळघराचा जिना उतरू लागली.