क्ष म्हणजे कोणता ड्रम?

...आणि वर मलाच म्हणतात, "जा, प्लंबर येईपर्यंत लोकांना बोलत ठेव!" अहो, मी या सभागृहाचा बॉयलरवाला, तुम्हाला सांगतो, उभ्या जन्मात पडद्यापुढे आलो नव्हतो, पण साहेबांपुढे कोण बोलणार? बसा, बसा... पाय जरा वर घेऊन बसा. काही नाही, सहज.

तर तुमच्या खुर्च्यांखालून गरम पाण्याचे पाइप जातात, त्यात साचलेला क्षार आज सकाळी अ‍ॅसिडनं काढायचा होता. साहेब म्हणाले, "साठ लिटर, वीस टक्क्यांचं. त्याहून कडक झालं तर सांधे खाईल, सांगून ठेवतो." आणि माझ्याकडे ड्रम दोन, एक दहा टक्क्यांचा, एक चाळीसचा! आली का पंचाईत? पण म्हटलं, शाळेत बीजगणित उगाच केलं का? क्ष मानू या! एकाचे क्ष लिटर, दुसऱ्याचे साठ वजा क्ष, मांडलं समीकरण, क्ष आला वीस, ताळाही जुळला. मग काय, एकातले वीस ओतले, दुसऱ्यातले चाळीस, दोन तास पंपानं फिरवलं, काढून टाकलं, गरम पाणी सोडलं आणि ऐटीत घरी जेवायला गेलो.

कागद मुलीला दाखवला. नववीत आहे, गणितात माझ्या वरताण. तिचा घास हातातच राहिला. "बाबा, उत्तर बरोबर आहे. पण क्ष म्हणजे कोणता ड्रम, ते कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं हो! मास्तर बोंबलून सांगायचे, "गाढवा, क्ष कोण ते आधी लिही!" क्ष होता कडक ड्रम, आणि मी वीस ओतले हलक्यातले. म्हणजे वीस नाही, तीस टक्के, दोन तास, आणि ते सांधे माझ्या वयाचे... टप्प. ऐकलंत? ...नाही, नाही, बसा.

धावत साहेबांकडे गेलो, म्हटलं, कॉक बंद करतो. म्हणाले, "हात लावू नकोस, सांधा हातात येईल. आणि लोकांना एक शब्द बोलू नकोस, पळापळ होईल."

...बोललो वाटतं मी.

आणि तिसऱ्या रांगेत, बरोबर मोठ्या सांध्यावर, माझी पोर बसलीये. मघापासून ऊठ ऊठ म्हणून खुणावतोय, तर ही वही काढून बसली. काय गं, किती वेळ आहे? क्ष मानू या का?

"मानू या. पण बाबा, आधी लिहा, क्ष म्हणजे प्लंबर यायची मिनिटं, की पाणी यायची?"

...टप्प, टप्प.

पाय वर घे, बाई.