मायच्या अंगणातला गुलाबजाम

समस्त मंडळींनी हातातला चहा खाली ठेवावा, मोबाईल उलटा करावा, कारण आता जे सांगणार आहो ते साऱ्या वर्धा जिल्ह्यात आजवर कोणी बोललं नसेल, आन् ते आहे एका झाडाबद्दल. हसू नका. त्या झाडानं माझी कंबर मोडली.

मी शिंपी. जन्म हिंगणीचा, दुकान आन् घर आता सिंदी मेघेत. बाप लवकर गेला, मायनं दुसऱ्याच्या वावरात निंदण करून मले वाढवलं, पहिली मशीन तिनंच घेऊन देल्ली. त्या मशीनवर बसून बसून पाठ अशी झाली का उभा राह्यलो तरी गिऱ्हाईक म्हणते, बसले काऊन भाऊ. बरं, झाडाचं सांगून राह्यलो होतो.

मायचं माहेर तळेगाव. तिथं मामाच्या परसात गुलाबजामाचं झाड होतं. हलवायाचा नाई, झाडाचा गुलाबजाम, पिवळसर फळ, आतून पोकळ, हलवलं का बी खुळखुळते, आन् खाल्लं का तोंडात गुलाबपाण्याचा वास. माय म्हातारपणी त्याचंच नाव घेत राहे. म्हणून तळेगावले गेलतो, तं झाड वाळून गेलतं, पण बुडाशी एक रोप होतं. झाडाखालचं रोप त्याच झाडाचं, यात इचारायचं काय, असं मले वाटलं. अस्तराच्या कापडात मुळं गुंडाळून एसटीत मांडीवर बसवून आणलं आन् हिंगणीत मायच्या अंगणात लावलं.

तिथून माझी साडेसाती, काय सांगू तुम्हाले. मायचे गुडघे गेलेले, घरात एकटी. बायको म्हणे, सासूबाईले आता इकडं आणा, मलेही तेच पाहिजे होतं. पण माय म्हणे, झाडाले पहिलं फळ येऊ दे, मग येतो, तवरक तू पाणी टाकाले येत जाजो. मग काय, दुकान बंद केलं का मोटरसायकल, हिंगणी, हापशी, बादल्या, मायजवळ बसून भाकर, आन् वापस. एरवी आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात तं दिवसाआड. झाड छपराच्या वर गेलं तरी माझी बादली सुरूच. शेजारची पंचफुलाबाई म्हणे, भाऊ, याच्या मुळ्या बोर धरणापर्यंत पोचल्या असतील, तुमच्या बादलीनं याचं काय होते. माय म्हणे, नाई, लय नाजूक जात आहे.

फळ तं सोडाच, फूलही नाई. मले शंका येऊ लागली. पान दुकानात आणून दाखवलं, तं एक गिऱ्हाईक म्हणे निलगिरी, दुसरं म्हणे जांभूळ, तिसरं पान पाहून म्हणे माह्या पँटचं काय झालं. मी टेप घेऊन पानं मोजली, लांबी, रुंदी, जसं काही त्याले सदराच शिवायचा होता. मायले इचारलं तं ती पान चुरगाळून नाकाशी धरे आन् पदराले बांधून ठेवे. मी म्हणे, माहेर आठवलं असेल.

आता आमच्या घरची रीत अशी, का फळ न देणाऱ्या झाडाले भेव दाखवायचा. एकानं कुऱ्हाड उगारून इचारायचं, देतं का तोडू, आन् दुसऱ्यानं झाडाच्या वतीनं कबूल व्हायचं, देतो देतो, तोडू नको. यंदा मी लय थकलो होतो. मनात म्हटलं, झाडानं कबुली देल्ली का मायले म्हणीन, वचन भेटलं, आता चाल माझ्या घरी. बायकोले सोबत हिंगणीले नेलं, झाडामागं उभी करत होतो, तं माय म्हणे, तिले काय समजते, झाडाकडून मीच बोलतो. खाट बुंध्याले टेकवून घेतली. पंचफुलाबाई कुंपणाशी येऊन उभी.

तुम्ही इचाराल मग काय झालं. माय अजून हिंगणीतच आहे. बायको आता काही म्हणत नाई, डबा भरून देते. आज संध्याकाळीही जातो, पाठ दुखते तं दुखो. सुखी राहो बुढी.

तं त्या दिवशी मी कुऱ्हाड उगारली, डोळे वटारले, नाटकातल्या राक्षसावानी ओरडलो, गुलाबजाम देतं का तोडू? मायनं माझ्या कुऱ्हाडीकडं पाह्यलं, माझ्या वाकल्या पाठीकडं पाह्यलं, आन् झाडाच्या वतीनं सगळ्यांसमोर बोलून गेली,

"मी तं जांभूळ आहो बापा, गुलाबजाम कुठून देऊ? पण तू पाणी टाकाले येत जाजो."