अकरा मेसेज

माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी ही एकच मी स्वतःहून सांगतो.

आमच्या चेरीताल भागातल्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी मी पायथनमध्ये मेसेज पाठवायचा प्रोग्रॅम लिहिला होता. प्रत्येक मेसेज आधी कामांच्या रांगेत लागायचा, मग मागे चालणारे छोटे प्रोग्रॅम एकेक काम उचलायचे. त्या दिवशी मेसेज जायचा, पण 'काम झालं' ही खबर रांगेपर्यंत पोचायचीच नाही. म्हणून रांग तेच काम पुन्हा त्यातल्याच एखाद्या प्रोग्रॅमला द्यायची.

लॅबमधून फोन आला, "भैया, खेडकरजी को एक ही मेसेज ग्यारह बार गया है."

मेसेज होता, 'रिपोर्ट तयार आहे, डॉक्टरांना भेटा.'

खेडकर काका आमच्याच गल्लीतले. रांग थांबवली, लॅबमधून रिपोर्ट घेतला आणि त्यांच्या घरी गेलो. काका एकटे राहतात, पण आत स्वयंपाकघरात कोणीतरी चहा करत होतं.

"दिलीप आहे," काका म्हणाले. दिलीप त्यांचा धाकटा भाऊ. दोघांचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. "इतक्या वेळा बोलावून राहिले, म्हटलं आता आपलं काही खरं नाही. म्हणून त्याला फोन केला. लगेच आला."

"काका, चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे."

काकांनी रिपोर्ट शांतपणे वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. मग स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणाले,

"अच्छा. हे त्याला आत्ताच सांगू नको. चार दिवस राहतो, असं म्हणून राहिला."