त्याच साली

उदगीरहून लातूरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर मानसशास्त्राचं पुस्तक होतं.

"काय वाचायलीस, शिवकांता?"

"पूर्वग्रह, आत्याबाई. आपण एकदा मनात ठरवलं, की त्याला जुळंल तेवढंच आपल्याला दिसतंय."

"असतेत की असली माणसं. आपली शेजारीण नीलाबाई तसलीच हाय."

"मी लगीन होऊन आले, दुष्काळ पडला, विहीर आटली. म्हणून माझा पायगुण वाईट. हे काय मग?"

"ते खरंच हाय की. सगळ्या गावानं बघितलं."

"त्याच साली आपला लातूर जिल्हा बी झाला. तो कुणाच्या पायगुणानं?"

सासूबाईंनी पदर सावरला.

"तो माझ्या सिद्धरामच्या. त्याच साली लगीन झालं न्हाई का लेकराचं?"